सव्वीसवर ठेवायचं

गुरुवारी सकाळी बॅग खांद्याला लावून बाबा दारात उभे राहिले आणि त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. तिन्ही वेळा मी "माहितेय हो बाबा" म्हणाले.

"एक. पाणी सव्वीसवर ठेवायचं. पंचवीस चालेल, सत्तावीसही चालेल, पण सकाळी पंचवीस आणि दुपारी सत्तावीस हे चालणार नाही."

"माहितेय हो बाबा."

"दोन. खालच्या टाकीतलं पाणी निळ्या पट्टीखाली उतरू द्यायचं नाही."

"माहितेय हो बाबा."

"आणि तीन, भिंगरे, शक्यतो हात लावायचा नाही."

"माहितेय हो... म्हणजे? हात न लावता सांभाळू कशी?"

"तेच तर अवघड असतं," असं म्हणून ते गेले.

भिंगरी म्हणजे मी. मी एका जागी पाच मिनिटं बसले तर आई कपाळाला हात लावून बघते, ताप तर नाही ना म्हणून. थट्टा नाही, खरंच बघते. ती नर्स आहे, तिला सवय आहे. यंदापर्यंत माझी सगळी धावपळ घरातच असायची, शाळेत मी भिंतीला चिकटून असायचे. मग यंदा बाईंनी प्रार्थनेनंतर बातम्या वाचायला मला उभं केलं आणि माईकमधून माझाच आवाज मला ऐकू आला. बापरे, काय आवाज होता! तेव्हापासून मला वाटायला लागलंय की मला काहीही जमेल.

टाकीचंही तसंच झालं. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून दोनशे लिटर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे आणि तिच्या खाली कपाटात दुसरी छोटी. वरचं पाणी खाली पडतं, खाली हीटर आणि पंखा त्याला हवं तसं करतात आणि पंप त्याला परत वर पाठवतो. वर दोन जोकर मासे आहेत. त्यातल्या एकाचं नाव जावईबापू, कारण त्याला आधी वाढावं लागतं, नाहीतर तो कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवतो. आणि मधल्या दगडावर तांबडी. तांबडी हे बाबांचं कोरल. सहा वर्षांपूर्वी कोरलवाल्या काकांच्या दुकानातून नखाएवढा तुकडा आणला होता, तो आता माझ्या दोन पंजांएवढा झालाय. उजेडात तिच्या अंगावर बारीक बारीक बोटं फुटतात आणि ती पाण्याबरोबर हलत राहतात. कोरल दिसतं दगडासारखं, पण असतं जिवंत. पाणी तीसच्या वर गेलं आणि तिथेच राहिलं, तर ते पांढरं पडतं आणि मरतं.

बाबांचा धंदाच मुळी गारव्याचा. फ्रीज, एसी, शीतगृहं. आता ते मुख्य मेकॅनिक झाले, म्हणजे महिन्यातून दोनदा चार-चार दिवस बाहेरगावी. ही बातमी त्यांनी आनंदाने सांगितली आणि आईने आनंदाने ऐकली, पण लगेच टाकीकडे बोट दाखवलं.

"आणि हिचं काय? मी वॉर्डात बारा पेशंट बघते. घरी तेरावा नको. आधीच या वायरींमुळे मला कळत नाही, ही बसायची खोली आहे की आयसीयू."

दोन दिवसांनी बाबांनी कोरलवाल्या काकांना फोन केला, की घेऊन जा, सोमवारी या. फोन ठेवल्यावर ते टाकीसमोर उभे राहिले, तेव्हा त्यांची पाठ मला अजिबात आवडली नाही. म्हणून मी सोफ्यावर उभी राहिले आणि माईकच्या आवाजात जाहीर केलं, "मी सांभाळते!"

ठरलं ते असं. गुरुवार ते रविवार, पहिला दौरा. दिवसातून तीनदा तापमान वहीत लिहायचं आणि बाबांना कळवायचं. आकडा हलला नाही तर टाकी राहील. हलला, तर सोमवारी काका बादल्या घेऊन येतील.

गुरुवार अगदी गोड गेला. सव्वीस, सव्वीस, सव्वीस. मी दर दहा मिनिटांनी बघत होते. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत होते.

शुक्रवारी ऊन वाढलं. आमच्याकडे एसी आहे, पण तो दोन वर्षं बंद आहे. गावभरचे एसी दुरुस्त करणारा माणूस घरी आला की म्हणतो, "उद्या बघू." तर शुक्रवारी शाळेतून आले तेव्हा डबीवर सव्वीस पूर्णांक आठ. डबी म्हणजे भिंतीवरचं छोटं यंत्र. तिच्यापासून एक वायर खालच्या टाकीत जाते, वायरीच्या टोकाला पेनाच्या टोपणाएवढी नळी असते. नळीला पाणी गार लागलं की डबी हीटर लावते, गरम लागलं की पंखा. पंखा चालूच होता, पण बिचारा हाताच्या पंजाएवढा. मला बसवेना. मी अभ्यासाच्या टेबलावरचा माझा पंखा आणला, सरळ भिंतीतल्या बटणाला जोडला आणि खालच्या टाकीकडे तोंड करून सोडला. अर्ध्या तासात सव्वीस पूर्णांक एक! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग हात थांबेनात. टाकीत बाबांचा जुना काचेचा थर्मामीटर तरंगत असायचा, तो डबीपेक्षा अर्धा अंश जास्त सांगत होता. दोघं दोन गोष्टी सांगायला लागले की डोकं फिरतं, म्हणून मी त्या म्हाताऱ्याला पुसून ड्रॉवरमध्ये निवृत्त केलं. मग वायरी. आई दमून येईल आणि आयसीयू म्हणेल, त्यापेक्षा आपणच आवरू. सगळ्या वायरी गुंडाळल्या, रबर लावले. नळीची वायर बाबांनी दगड बांधून पार तळापर्यंत सोडली होती, उगाच हातभर. ती वर ओढली, जास्तीची गुंडाळी केली आणि माझ्या केसांच्या जांभळ्या चापाने टाकीच्या कडेला अडकवून टाकली. नळी पाण्यात दोन बोटं बुडलेली. नीटनेटकं.

आई आली, चपला काढता काढता थबकली. "अगंबाई! हे कुणी केलं?"

"कोण करणार?"

"छान केलंस हो," ती म्हणाली, आणि टाकीबद्दल तिच्या तोंडून 'छान' मी पहिल्यांदा ऐकलं. मला तर वाटलं, आपण जिंकलोच.

शनिवारी सकाळी बातम्या वाचायची पाळी माझी होती. डबीवर सव्वीस. खालच्या टाकीत डोकावले, पाणी पट्टीच्या बोटभर खाली. दोन पंखे म्हणजे दुप्पट वाफ, हे तेव्हा डोक्यात आलं असतं तर! कॅनमधलं गाळलेलं पाणी ओतायला पाच मिनिटं लागली असती. पण वेणी व्हायची होती. आल्यावर ओतू, म्हटलं, आणि पळाले.

साडेबाराला आले. दार उघडतानाच बूट न काढता आधी डबी बघितली.

चोवीस पूर्णांक तीन.

आणि तांबडी मिटलेली. एकही बोट बाहेर नाही, नुसता उघडा लाल दगड. जावईबापू पाण्याच्या अगदी वरच्या थराशी तोंड उघडमीट करत होते.

"गारठली!" मी रिकाम्या घरात ओरडले. टेबलपंखा बंद केला. डबीसमोर उभी राहिले. चोवीस सहा. पंचवीस. पंचवीस पाच. "ये, ये, ये," मी म्हणत होते. सहा मिनिटांत सव्वीसच्या वर! मग सव्वीस सहा, सत्तावीस, अरे थांब, थांब! पंखा चालू. धडाधड खाली. चोवीस आठ. पंखा बंद. वर. पंखा चालू. खाली. मी बटणापाशी नि डबीपाशी नुसत्या येरझाऱ्या घालत होते, बूट अजून पायातच. वहीत लिहिलं: २४.३, मग २६.२, मग २४.८. बाबांना निरोप पाठवला: 'थोडं गार झालं होतं. मी बघतेय.' उत्तर नाही. शीतगृहाच्या आत फोन लागत नाही त्यांचा.

तांबडी उघडत नव्हती. शेवटी मी कोरलवाल्या काकांना फोन लावला.

"बोल गं बाळा."

"काका, पाणी गार पडलं की कोरल मिटतं ना? पुन्हा कधी उघडतं?"

"किती गार?"

"चोवीस होतं. पण मी सहा मिनिटांत सव्वीसवर आणलं!"

पलीकडे दुकानातले पंप बुडबुडत होते. "सहा मिनिटांत? टाकी दोनशे लिटरची आहे ना? की आता चहाच्या भांड्यात भरलीत?"

"काका, चेष्टा नको ना."

"चेष्टा नाही गं. एवढं पाणी सहा मिनिटांत दोन अंश चढत नाही. तुझा आकडा चढतोय-उतरतोय, तो पाण्याचा नाही. दुसरा थर्मामीटर घालून बघ आणि मला लगेच—"

"हो हो, बघते," म्हणून मी फोन ठेवला. आणि बघितलं नाही. खरं सांगते, मला वाटलं, यांना टाकी हवीच आहे, म्हणून घाबरवतायत. उलट मी डबी सत्तावीसवर लावून दिली, म्हणजे तांबडीला जरा ऊब मिळेल. पंखा तेवढा चालू ठेवला. आता तो मलाच हवा होता, मी घामाने निथळत होते.

तीनला आई आली. पिशवी खुर्चीवर टाकली, पाणी प्यायला आत निघाली आणि जाता जाता, का कुणास ठाऊक, तिने टाकीच्या काचेला हाताची पालथी बाजू लावली. वॉर्डातून चालताना पलंगावरच्या माणसाला लावते ना, तशी.

ती थांबली. पुन्हा लावली.

"हिला ताप आहे," ती म्हणाली.

"काहीतरीच काय आई, गार पडलीय ती. डबी बघ, चोवीस सात."

"डबी बघते. आधी हात." तिने बाही वर करून हात सरळ पाण्यात घातला. "अगं, हे आंघोळीचं पाणी झालंय!"

पिशवीतून तिने आपला थर्मामीटर काढून पाण्यात धरला. तो वाजला आणि त्यावर आकडाच येईना.

"पस्तीसच्या खाली मोजतच नाही हा," आई म्हणाली. "याच्या हिशेबी हा पेशंट मघाशीच गेला. तुझ्या बाबांचा तो काचेचा कुठाय?"

मी ड्रॉवर उघडला. म्हातारा तिथेच पडला होता, माझ्या खोडरबरांच्या शेजारी. पाण्यात सोडला. लाल रेघ चढली, चढली, मला वाटलं थांबेल आता, आणि तीसच्याही वर जाऊन थांबली. तीस पूर्णांक चार.

मी खालचं कपाट उघडलं. पाणी पट्टीच्या तीन बोटं खाली गेलं होतं. आणि माझ्या जांभळ्या चापाला अडकलेली ती नळी हवेत लोंबत होती. वरून पडणाऱ्या पाण्याचे शिंतोडे तिला भिजवत होते आणि माझा टेबलपंखा तिच्यावर वारा घालत होता. ओल्या अंगाने पंख्याखाली उभं राहिलं की भर उन्हाळ्यातही कशी हुडहुडी भरते, तशी तिला भरली होती. ती डबीला सांगत होती, गार आहे, फार गार आहे. आणि डबी इमानदारीने तळातल्या हीटरला पेटवत होती. सकाळपासून.

मला काही सुचेना, म्हणजे एकच सुचलं. मी फ्रीजकडे धावले, बर्फाचा ट्रे ओढला, टाकीवर आणला—

आईने माझं मनगट धरलं. ती एरवी बारीक आहे, पण तिची ती पकड!

"ठेव."

"आई, ती मरेल!"

"मरेल, एकदम गार केलंस तर. आधी हीटर काढ. मग नळी खाली सोड. मग त्या तुझ्या काकांना फोन लाव आणि या वेळी ऐकून घे."

काका रागावले नाहीत, त्याने मला जास्तच कसंतरी झालं. "तासाला अर्धा अंश उतरव," ते म्हणाले. "त्याहून लवकर नाही. एक पंखा पुरे. आणि वाफ गेली ती नुसत्या पाण्याची, मीठ मागे राहिलंय. तेव्हा गाळलेलं पाणी घाल, पण ओतू नको, थेंब थेंब घाल. मग बसून राहा."

"आणि?"

"आणि काही नाही. बसून राहा."

थेंब थेंब कसं घालायचं, हे मी विचारायच्या आत, फोनला कान लावून असलेली आई स्टुलावर चढली होती. वरच्या कपाटातून तिने सलाईनची नवी नळी काढली, बाटलीत गाळलेलं पाणी भरलं, बाटली पडद्याच्या दांडीला उलटी टांगली आणि नळीचं टोक खालच्या टाकीत सोडलं. घड्याळाकडे बघत थेंब मोजले, चाकी फिरवली, परत मोजले. "वीस थेंब मिनिटाला. आता झाला खरा आयसीयू." मग तिने माझी वही मागितली.

२४.३, २६.२, २४.८. ते आकडे बघून मला तोंड लपवावंसं वाटलं. मी खोडरबर उचललं.

"अं हं. चार्टवर खाडाखोड करायची नाही. एक रेघ मार, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरं लिही. सही कर आणि वेळ टाक."

मी लिहिलं. 'नळी हवेत होती. चूक माझी. खरं तापमान ३०.४, दुपारी ३.२०.' आणि खाली सही केली.

मग बसणं सुरू झालं. मी आजवर केलेल्या सगळ्या कामांत ते सगळ्यात कठीण होतं. साडेतीन ते साडेचार मी पाय हलवले. साडेचारला तीस पूर्णांक शून्य. दुसरा पंखा जरासा लावू का? "नको," आई आतून म्हणाली, मी तोंडही उघडलं नव्हतं. पाच वाजता मी नखं संपवली. साडेपाचला एकोणतीस चार. तांबडीच्या डाव्या कडेला एक जागा फिकट दिसत होती. उजेडाने असेल, म्हटलं. सहाला ती पांढरी होती. उजेडाने नव्हती. मला उठावंसं, काहीतरी फिरवावंसं, ओतावंसं, दाबावंसं वाटत होतं आणि वीस थेंब मिनिटाला पडत होते, ना एकोणीस, ना एकवीस.

साडेसातला आई शेजारी येऊन बसली. "नवीन मुली येतात ना वॉर्डात," ती म्हणाली, "त्यांनाही हेच जड जातं. सुई टोचता येते लगेच. नुसतं बसून बघता येत नाही."

आठला बाबांचा फोन आला. मी आईकडे बघितलं. तिने फोन उचलून माझ्याच हातात दिला. "ज्याची ड्युटी, त्याने सांगायचं."

आकडा विचारतील, अठ्ठावीस सांगू, संपलं. अठ्ठावीस खरंही होतं, जवळजवळ. मी तोंड उघडलं आणि सगळं बाहेर आलं, चाप, पंखा, म्हातारा, ड्रॉवर, बर्फ, सगळं, एका दमात. पलीकडे एक मोठं मशीन घरघरत होतं.

"तांबडी?" बाबांनी विचारलं.

"मिटलीय. एका कडेला पांढरी पडलीय. बटणाएवढी. मोठ्या बटणाएवढी."

"हं. आता काय करतेयस?"

"काही नाही. बसलेय."

"तू? बसलीयस?"

"साडेचार तास."

मशीन घरघरलं. मग बाबा हळूच म्हणाले, "आईला दे फोन. तुझी तब्येत बरी दिसत नाही."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं, आणि पांढरा डाग तसाच होता.

रविवारी बाबा दहाला आले. पाणी सव्वीस पूर्णांक चार होतं. तांबडीने सकाळी बोटं काढली होती, उजवीकडची, मधली, वरची. डाव्या कडेला तो डाग, कोरा. बाबा बॅग खाली न ठेवता टाकीसमोर वाकून उभे राहिले. मग त्यांनी माझी वही उघडली. रेघ मारलेले आकडे वाचले, शेजारचं वाचलं. दर अर्ध्या तासाचा आकडा, माझी सही, आणि मध्ये मी झोपले होते तेव्हाची आईची.

मी आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. जावईबापूंना कुठल्या बादलीत घालायचं, काकांना त्यांच्या खाण्याचं काय सांगायचं. आकडा हलला होता. नुसता हलला नव्हता, उड्या मारल्या होत्या त्याने. रडायचं नाही, एवढंच शिल्लक होतं.

"उद्या कोरलवाले यायचेत," बाबा वहीतून मान वर न करता म्हणाले. "काय सांगू त्यांना?"

आई स्टुलावर उभी राहून बाटली बदलत होती. थेंब मोजून झाल्यावर खाली उतरली. काचेला हाताची पालथी बाजू लावली.

"सांगा, पेशंट हलवण्याच्या अवस्थेत नाही."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "कधीपर्यंत?"

"ते पांढरं भरून येईपर्यंत."

"अगं, त्याला वर्ष लागेल."

"मग वर्ष," आई म्हणाली. "हलगर्जीपणा माझ्या घरात झालाय, डिस्चार्ज मी ठरवणार. आणि डबीची ती नळी पुन्हा तळाला सोडा, दगड बांधून. वायरी दिसल्या तर दिसू देत."

मला सोफ्यावर चढायचं होतं, ओरडायचं होतं, जावईबापूंना दोनदा वाढायचं होतं. पण अकराचा आकडा लिहायला तीन मिनिटं बाकी होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि टाकीसमोर बसून राहिले.